४६ अंशांतली गादी

खोकं आलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि मे महिन्याचा दुसरा आठवडा चालू होता. चंद्रपुरात या वेळेला कुत्रंसुद्धा नालीतून बाहेर येत नाही. कुरिअरच्या पोराने तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, खांद्यावर ते उभं खोकं. पाणी मागितलं, दोन तांबे घटाघटा प्यायला आणि मग म्हणाला, "काय आहे जी यात? गालिचा?" गादी आहे म्हटल्यावर त्याने खोकं पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. एवढ्याशा खोक्यात गादी मावत नाही, हे त्याला आणि मला दोघांनाही लहानपणापासून माहीत होतं.

प्लास्टिक कापलं तसा आत दाबून बसवलेला फोम सुस्कारा सोडल्यासारखा आवाज करत उलगडू लागला. बघता बघता पोट धरलं, कडा वर आल्या, आणि खोलीत नव्या रंगाच्या डब्यासारखा वास पसरला. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की पूर्ण फुगायला ७२ तास लागतील. पलंगाशेजारी खुर्चीवर बसलेल्या आईने बोट खुपसून पाहिलं. बोटाचा खड्डा तसाच राहिला, मग सावकाश भरून आला. "हे गादी नाई बाप्पा," ती म्हणाली, "हा तर ढोकळा आहे."

आईचं रसायनशास्त्र अगदी बरोबर होतं, हे मला नंतर वाचताना कळलं. पॉलियुरेथेन १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शोधलं. फोम करताना दोन द्रव एकत्र येतात, त्यात थोडं पाणी असतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि सगळं पीठ फुगून वर येतं. ढोकळ्यात सोडा जे करतो तेच. मेमरी फोम हा त्यातलाच एक हट्टी प्रकार. १९६६ साली अमेरिकेच्या 'नासा'साठी चार्ल्स योस्ट या अभियंत्याने तो तयार केला. दुकानदार अजूनही त्याला 'अंतराळवीरांची गादी' म्हणतात. अंतराळात वजनच नसतं, तिथे माणूस भिंतीला बांधलेल्या पिशवीत झोपतो, त्याला गादीची गरज काय? योस्टचा फोम होता विमानाच्या आसनांसाठी, धक्का बसला तर माणसाचं हाड वाचावं म्हणून. गादी म्हणून त्याला बाजारात आणलं स्वीडनच्या एका फोम कंपनीने, १९९१ साली.

हा स्वीडनचा मुद्दा लक्षात ठेवायला हवा. प्रत्येक प्लास्टिकचं एक तापमान असतं. त्याच्या खाली ते काचेसारखं ताठ आणि वर रबरासारखं मऊ. साध्या फोमचं हे तापमान शून्याच्या बरंच खाली असतं, म्हणून तो उन्हाळा-हिवाळा सारखाच वागतो. मेमरी फोममध्ये मात्र ते मुद्दाम खोलीच्या तापमानाजवळ आणून ठेवलेलं असतं. शरीराची ऊब लागली की जिथे लागली तिथेच तो मऊ पडतो, खांदा आणि खुबा आत घेतो, बाकीचा भाग ताठ राहून आधार देतो. सगळी करामत एवढीच. आता प्रश्न असा की कोणाच्या खोलीचं तापमान? स्टॉकहोमच्या खोलीचं आणि आमच्या बाबुपेठेतल्या स्लॅबखालच्या खोलीचं तापमान एक कसं असेल?

चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावं मे महिन्यात देशभरच्या हवामानाच्या बातम्यांत येतात. ४६ अंश ही आमच्याकडे बातमी नाही, ४७ झालं की लोक बोलतात. दिवसभर स्लॅब तापतो आणि रात्री तीच ऊब खोलीत सोडतो. अशा खोलीत मेमरी फोमला शरीराच्या उबेची वाट पाहायची गरजच उरत नाही. तो आधीपासूनच सगळीकडून मऊ होऊन बसलेला असतो. माणूस पडला की सबंध आत जातो, पाठीचा मोठा भाग फोमला चिकटतो, घामाला सुकायला वाट नाही. पहिल्या रात्री अकरा वाजता आईने हाक मारली. "काहून रे, खाली तवा ठेवला का?"

गार करणाऱ्या जेलचा थर असलेल्या गाद्याही मिळतात. जेल काही बर्फ बनवत नाही. शरीरातली थोडी उष्णता शोषून घेतं आणि थोड्या वेळाने स्वतःच शरीराइतकं गरम होतं. ३८ अंशांच्या खोलीत तर ते सुरुवातच हरलेल्या ठिकाणाहून करतं. याच फोमवर मोहर्लीच्या एका रिसॉर्टमध्ये मी छान झोपलो होतो, पण तिथे एसी होता आणि खिडकीबाहेर ताडोबा. एसीत २४ अंशांवर ती गादी तिच्या माहेरी असते. आमच्या गावात औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचं आहे, तरी एसी सगळ्यांकडे नाही आणि वीज गेली की कूलरही बंद. कूलरचा ओलावा हा आणखी वेगळा विषय. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी दमट हवा रात्रभर गादीवर फिरते. गादी फरशीवर टाकली असेल तर खालच्या बाजूला पावसाळ्याआधीच काळे ठिपके धरतात.

कंपनीने शंभर रात्री वापरून पाहा, आवडली नाही तर परत, असं सांगितलं होतं. मी अकराव्या रात्रीनंतर फोन केला. फार गोड आवाजातल्या मुलीने सांगितलं की तुमच्या भागात परत न्यायला गाडी येत नाही, गादी एखाद्या संस्थेला दान करा आणि पावतीचा फोटो पाठवा. मी खोक्याकडे पाहिलं. ढोकळा पुन्हा पिठात घालता येत नाही.

या निमित्ताने मी जरा चौकशी करत फिरलो. गादी म्हणजे आपण जिच्यावर झोपतो ती वस्तू, एवढंच मी इतकी वर्षं समजत होतो. गादीचा खरा कस सकाळी लागतो, उठल्यावर तिचं काय करता येतं यात, हे फिरताना कळत गेलं.

आमच्याकडे मार्चपासून जूनपर्यंत गाद्या घरात राहत नसत. संध्याकाळी गच्चीवर बादलीभर पाणी मारायचं, वाफ निघून गेली की वळकट्या वर न्यायच्या, पहाटे गार वाऱ्याला चादर ओढायची आणि ऊन चढायच्या आत वळकट्या खाली. पाच-सहा किलोची कापसाची गादी बारा वर्षांचं पोरगं डोक्यावर घेऊन जिना चढू शकतं. लग्नसराईत बिछायत केंद्राच्या टेम्पोतून अशाच गाद्या, लोड, तक्के उतरायचे आणि वऱ्हाड झोपी जायचं. मेमरी फोमची वळकटी होत नाही. एकदा खोक्यातून निघाली की ती पलंगाची झाली. आणि तिच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'उन्हात ठेवू नये'. कडक उन्हाने पॉलियुरेथेन पिवळं पडतं, भुगा होऊ लागतो, हे खरंच आहे. पण चंद्रपूरकराला ऊन वापरू नका म्हणणं म्हणजे कोकणातल्या माणसाला नारळ वापरू नका म्हणण्यासारखं. ढेकूण, कुबट वास, पोराने केलेली ओल, सगळ्यावर आमच्याकडे एकच औषध, गच्चीवरचं ऊन. तेही फुकट.

अंगणात झोपणं मात्र आता पूर्वीसारखं उरलं नाही. जंगलालगतच्या गावांत, अगदी वीज केंद्राच्या आसपासच्या वस्त्यांतही, बिबट्याची भीती खरी आहे आणि वन विभाग बाहेर झोपू नका म्हणून सांगत असतो. लोक आत आले, खोलीत कोंडले गेले, आणि नेमक्या त्याच वेळी बाजारात ऊब धरून ठेवणारी गादी आली. याला योगायोग म्हणायचं.

गादी भरून देणाऱ्या चाचांचं दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक शेड आणि कापूस पिंजायचं यंत्र. त्यांच्या वडिलांच्या काळी धनुकली होती. तात कापसात धरून लाकडी मुठीने हाणायची, 'ट्वांव ट्वांव' आवाजावर गल्लीतली पोरं जमायची. यंत्र आल्यापासून आवाज बदलला, काम तेच. चाचांनी एक जुनी गादी माझ्यासमोर उसवली. दाभणाने घातलेले टाके कापले, पट्ट्यापट्ट्यांचं कापड बाजूला सारलं, आत वीस वर्षांचा कापूस दडपून चपट्या भाकरीसारखा झालेला. यंत्राच्या तोंडात टाकला आणि पलीकडून हवा भरलेला, पांढरट, जिवंत असा ढीग पडू लागला. त्यात दोन किलो नवी रुई मिसळली, कापडाची नवी खोळ, कडेने पुन्हा टाके. त्या गादीचं वय परत शून्यावर. असं किती वेळा करता येतं, विचारलं तर चाचा म्हणाले, "जब तक घरवाले बोलते हैं." मेमरी फोममध्ये एकदा खड्डा पडून राहिला की तो कोणालाही पिंजून काढता येत नाही.

कापसाची बाजू घेताना लबाडी नको. कापूस गोळे धरतो, दर एक-दोन वर्षांनी पिंजला नाही तर दगड होतो, त्यात धूळ साठते आणि दम्याच्या माणसाला ती सोसत नाही. खुद्द चाचा बोलता बोलता खोकत होते. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला बिसिनोसिस असं नाव आहे. नाकाला रुमाल बांधा म्हटलं तर हसले. तो रुमाल त्यांच्या गळ्यात होता.

फोमच्या खोळीवर 'बांबू फॅब्रिक' असं लिहिलं होतं, तेही सांगायला हवं, कारण आम्ही बांबूच्या देशातले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबू स्वतः विकण्याचा अधिकार हातात घेतला. बल्लारपूरच्या कागद गिरणीने याच जंगलांतला बांबू पिढ्यानपिढ्या दळला. बुरडांच्या हातची बांबूची चटई आमच्याकडे प्रत्येकाने अंगाखाली घेतली आहे. खोळीतल्या बांबूचा आणि या चटईचा तसा काही संबंध नाही. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून बारीक छिद्रांतून ओढला की जो धागा निघतो तो व्हिस्कोस, म्हणजे रेयॉन. तो मऊ असतो, घाम टिपतो, त्यात वाईट काही नाही. पण एका मेळ्यात एका बुरड आजोबांच्या हातात मी ती खोळ दिली, बांबूची आहे म्हणून. त्यांनी दोन बोटांत धरून उजेडाकडे करून पाहिली आणि विचारलं, "गाठ कुठं आहे?"

गडचिरोलीकडे सरकलं की गादीचा प्रश्नच बदलतो. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा, दोन तृतीयांशाहून जास्त जंगल. इथे कापूस कमी, धान जास्त, म्हणून हिवाळ्यात अंगाखाली तणीस. उशीत काटेसावरीचा कापूस, जो उन्हाळ्यात बोंडं फुटून जंगलात उडत असतो आणि पाणी सहसा धरत नाही. आणि खाट. खाटेला लोक गरिबाची वस्तू समजतात, मला ती फार हुशार वस्तू वाटते. दोरीच्या विणीतून खालून वारा लागतो. सैल पडली की पायथ्याची दोरी ओढून ताणायची, म्हणजे कडकपणा हवा तेवढा. ढेकूण झाले की उकळतं पाणी ओतायचं आणि उन्हात उभी करायची. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची रीत होती, ऊब विणीतून वर येई. फोमच्या गादीखाली शेगडी ठेवायचा विचारसुद्धा करू नये. पॉलियुरेथेन पेटलं तर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड सोडतं, ज्वाळेच्या आधी धूर मारतो. कासवछाप अगरबत्ती उशाशी लावून झोपणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं.

खाटेचा आणखी एक गुण म्हणजे ती जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असते. पावसाळ्याच्या रात्री मण्यार घरात शिरते ती उंदीर, पाली, दुसरे साप शोधत, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंगाशी येते. दंश इतका बारीक की कित्येकांना जागही येत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, तोवर विष मज्जातंतूंवर काम करू लागलेलं असतं. नेपाळच्या तराईत झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचं दिसलं. गडचिरोलीत औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटल्या जातात त्या मलेरियासाठी, पण मण्यारीवरही त्यांचा उपयोग आहे. अट एकच, दाणीची कड गादीखाली चारही बाजूंनी खोचलेली पाहिजे. इथे गादीची जाडी आणि वजन मधे येतं. पातळ गादी एका हाताने उचलून कड खोचता येते. वीस किलोची फोमची गादी रोज रात्री चारही कोपऱ्यांत उचलायची कोण? चार दिवस खोचतात, पाचव्या दिवशी कड नुसती लोंबत राहते. गादी फरशीवर टाकलेली असेल तर ती सहा इंच उंची मण्यारीला काहीच नाही. ज्यांच्या घरात पलंग नाही त्यांनी आधी खाट घ्यावी आणि मग हवी ती गादी, असं मी आता प्रत्येकाला सांगत सुटलो आहे.

आणि पूर. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती भेटतात त्या भामरागडला वर्षानुवर्षं पावसाळ्यात पाणी बाजारपेठेत आलेलं आहे, पुलावरून गेलं की गाव तुटतं. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेने ब्रह्मपुरी तालुक्यातली गावं बुडवली. पाणी उतरल्यावर जे दिसतं ते सगळीकडे सारखंच. कुंपणांवर, बैलगाड्यांवर, रस्त्याच्या कठड्यांवर गाद्या आणि गोधड्या. कापसाची गादी उसवून, कापूस ताडपत्रीवर पसरून आठवड्याभरात वाचवता येते. भिजलेला मेमरी फोम पिळता येत नाही, पिळला तर फाटतो. बाहेरून कोरडा वाटला तरी आत गाळाचं पाणी तसंच राहतं, आणि मग ती अजस्र वस्तू गावाबाहेर पडून राहते. ती कुजत नाही, गुरं खात नाहीत, जाळली तर वर सांगितलेला धूर.

एवढं वाचून कुणाला वाटेल मी फोमवर राग काढतो आहे. मग पाठीबद्दल बोलू. धानाची रोवणी दिवसभर कमरेत वाकून होते, मोह वेचायचा तो वाकून, तेंदूपत्ता खुडायचा तो मे महिन्यात वाकून, आणि मग ओझं डोक्यावर. पाठदुखी हा इथला मोठा आजार आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने त्यावर काम केलं, आणि मुंबईच्या 'द स्पाइन फाउंडेशन'चे डॉ. शेखर भोजराज व सहकारी तिच्या शोधग्राम केंद्रात येऊन मणक्याच्या रुग्णांवर उपचार करत आले आहेत. आपल्याकडे पाठदुखीवर घरोघरचा सल्ला ठरलेला, कडक झोप, पाटावर झोप, गादी सोड. २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये स्पेनमधला एक अभ्यास आला. जुनी पाठदुखी असलेल्या ३१३ जणांना कडक किंवा मध्यम कडक गादी दिली, कोणाला कोणती ते सांगितलं नाही. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं अधिक कमी होतं. म्हणजे पाट नको आणि ढोकळाही नको. नीट पिंजलेली कापसाची गादी खाटेवर नव्हे, तख्तावर टाकली तर जवळपास तिथेच येते. कुशीवर झोपणाऱ्याच्या खांद्याला वर दोन इंच मऊ थर मिळाला तर बरंच. सहा इंची 'मेमरी फोम' गादी उघडून पाहिली तर बहुतेक वेळा आत मेमरी फोम तेवढाच, इंच-दोन इंचच असतो, खाली साधा फोम. चेनची खोळ असेल तर दुकानातच उघडून बघावी.

लहान बाळाला मात्र मेमरी फोमवर अजिबात झोपवू नये. पालथं पडलेलं तान्हं नाकाने खड्ड्यात रुतलं तर मान वळवू शकत नाही. बाळाला कडक आणि सपाट जागाच बरी.

आता आईचं. होळीच्या आसपास ती न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. ८१ वर्षांची, अंगावर मांस नाही. झोपून राहणाऱ्या माणसाच्या माकडहाडावर, टाचांवर शरीराचं वजन एकाच जागी दाबत राहतं, तिथलं रक्त थांबतं आणि कातडी मरते. आधी आम्ही पंपावर चालणारा हवेचा बेड आणला होता. आळीपाळीने त्याच्या नळ्या फुगतात, चांगली वस्तू आहे. पण वीज गेली की पंप बंद आणि आई खालच्या तख्तावर. एका दुपारी तीन तास वीज गेली आणि संध्याकाळी माकडहाडावर लाल डाग दिसला, दाबला तरी पांढरा होईना. मी गादी मागवली ती त्या रात्री. फोमला वीज लागत नाही. तो वजन पसरवतो, टाच आणि माकडहाड आत घेतो, बाकी अंगाला भार वाटून देतो. दर दोन तासांनी कुशीवर वळवणं चुकत नाही, ते आम्ही केलंच, बहिणीने आणि मी पाळ्या लावून. आठ दिवसांत डाग फिका पडला. गादी तव्यासारखी तापत होती, तरी तिनेच आईची कातडी वाचवली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकाच आठवड्यातल्या.

म्हणून आम्ही मधला मार्ग काढला. फोमवर रेक्झिन टाकायचं नाही, त्याने फोमचा गुणच जातो आणि घाम दुप्पट. त्याऐवजी पातळ, पाणी न शोषणारी खोळ, तिच्यावर जुन्या सुती लुगड्याच्या दोन घड्या, लुगडं दिवसातून तीनदा बदलायचं. दुपारी कूलर पायांकडून लावायचा. जूनमध्ये मृगाचा पाऊस आला आणि तक्रारी निम्म्या झाल्या. दसऱ्यापर्यंत आई वॉकर धरून ओसरीपर्यंत येऊ लागली. तेव्हा तिनेच सांगितलं, माझी माहेरची गादी चाचाकडून पिंजून आण. तिच्या माहेरची शेती राजुऱ्याकडे, तिथल्या कापसाची ती गादी. आता दिवसा ती त्या गादीवर ओसरीत बसते, रात्री फोमवर झोपते. येत्या मार्चमध्ये दोन्हींची अदलाबदल ठरली आहे. फोम बैठकीच्या खोलीत, सावलीत, पंख्याखाली.

परवा पहाटे मी तिला उठवायला गेलो. थंडीने खिडकीची काच धुरकट झालेली. ती आधीच जागी होती आणि गादीच्या रिकाम्या बाजूला, जिथे कोणी झोपत नाही तिथे, बोट दाबून पाहत होती. बोट आत जाईना.

"आज दगड झाली रे," ती म्हणाली. "पारा दहाच्या खाली गेला असन. जाय, कूलरच्या तोंडावर पोतं टाकून दे, वारा येते तिकडून."